समुद्राला सातबारा नसतो

नमस्कार दादा,

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याबद्दल तुम्ही लिहिलंय, "चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली गुरं चरतात. मग एवढ्या अथांग समुद्रात मच्छीमारांनी जरा बाजूला जाळी टाकली तर काय बिघडलं? उगाच विजेला विरोध." विजेला माझा विरोध नाही. पण साताऱ्याच्या पठाराचा दाखला समुद्राला लागत नाही.

गुरं मनोऱ्याला वळसा घालतात, जाळ्याला ते जमत नाही. वाहतं जाळं घ्या. प्रवाह ताशी साडेतीन किलोमीटर असेल, तर चार तासांत जाळं चौदा किलोमीटर वाहत जातं. १० मेगावॉटच्या यंत्राचं पातं फिरतं ते वर्तुळ साधारण २०० मीटर रुंद. दोन मनोऱ्यांत त्याच्या सातपट अंतर धरलं तर १४०० मीटर. ५०० मेगावॉटला असे ५० मनोरे, म्हणजे जवळपास १०० चौरस किलोमीटर. तेवढ्या पट्ट्यात सोडलेलं जाळं कुठल्या ना कुठल्या खांबाला अडकणारच.

केंद्राने जून २०२४ मध्ये ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली, गुजरात आणि तमिळनाडूसमोर प्रत्येकी ५०० मेगावॉट. गुजरातची जागा खंभातच्या आखाताकडे, पिपावावच्या बाजूला. शेजारी जाफराबाद, बोंबलाचं आणि डोल जाळ्यांचं बंदर. डोल म्हणजे तोंड प्रवाहाकडे करून तळाशी जखडलेली लांब पिशवी. भरती-ओहोटीचा जोर मासळी आत लोटतो आणि पाणी उलटण्याआधी जाळं वर घ्यावं लागतं. जोर उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरती-ओहोटीला; भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या मंद पाण्याला नाही. म्हणून जागाही ठरलेल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या. "जरा बाजूला" गेलं की तो प्रवाहच मिळत नाही. मनोरे लांब असले तरी वीज आणणारी केबल किनाऱ्याला यावीच लागते, ती याच पट्ट्यातून येऊ शकते.

केबल एक-दोन मीटर खोल पुरतात. पण आखातातला जोरदार प्रवाह गाळ हलवतो आणि केबल उघडी पडते. ट्रॉलरच्या जाळ्याची फळी तिच्यात अडकली आणि तांडेलाने, म्हणजे बोटीच्या म्होरक्याने, विंच ओढतच ठेवला, तर छोटी बोट कलंडते. म्हणून दर पावसाळ्यानंतर खोली मोजून उघड्या जागांचे आकडे बोटींच्या जीपीएसमध्ये भरून द्यायला हवेत.

आणखी एक अडचण कमी बोलली जाते. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत मासेमारीबंदी असते. ते दिवस बांधकामाला मोकळे वाटतात, पण खवळलेल्या दर्यात खांब ठोकता येत नाहीत. त्यामुळे काम पडणार मासेमारीच्या ऐन हंगामातच.

खांबांच्या बुडाशी कालवं-शिंपले धरतात, मासे जमतात, हे खरं. गळाने धरणाऱ्याला ते फायद्याचंही ठरेल, आत जाऊ दिलं तर. ब्रिटनमध्ये साधारणपणे जाऊ देतात, बेल्जियममध्ये नाही. आपल्याकडे हे कामाआधीच लिहून घ्यायला हवं.

आता मूळ मुद्दा. आपल्या पठारावर जमीन गेली तेव्हा सातबाऱ्यावर नाव होतं. डोलीच्या जागेला सातबारा नाही, तो हक्क गावच्या रिवाजात आहे. म्हणून सर्वेक्षणाआधी कोणाची डोल कुठे, कोणत्या महिन्यात, याचा नकाशा मच्छीमारांनी स्वतः करायला हवा, सोबत मासळीच्या लिलावाच्या तीन वर्षांच्या पावत्या. बऱ्याच छोट्या बोटींवर माग ठेवणारी यंत्रं नसतात, त्यामुळे सरकारी नोंदीत त्यांचा समुद्र रिकामाच दिसतो. भरपाईच्या यादीत बोटमालकासोबत खलाशी हवेत, आणि वलांडीवर, म्हणजे काठ्यांच्या मांडणीवर, बोंबील वाळवणाऱ्या बायकाही. त्यांचं नाव तर बोटीच्या कागदावरही नसतं.