वजन नव्हे, गोळीची लांबी पाहा

‘जड गोळीला जास्त पीळ लागतो’ हे रायफलींवरच्या लेखातलं वाक्य अर्धंच बरोबर आहे. पीळ म्हणजे नळीच्या आतल्या खाचांचं वळण; त्यानं गोळी स्वतःभोवती फिरते आणि सरळ जाते. पीळ ठरतो तो मुख्यतः गोळीच्या लांबीवर. तांबं शिशापेक्षा हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब निघते. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून शिकारीला शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद आहेत, त्यामुळे इथल्या आम्हा लोकांना हे शिकावंच लागलं. माझ्या जुन्या .223 रायफलीच्या नळीत 12 इंचांत एक फेरा, म्हणजे पीळ कमी (इंच जितके कमी, तितका पीळ जास्त). 55 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिशाची गोळी मस्त लागायची. 70 ग्रेनची तांब्याची झाडली, तर कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर! गोळी आडवी होऊन लागत होती. अशी गोळी जनावरावर झाडणं म्हणजे त्याचे हाल करणं, दुसरं काही नाही.

1955 साली आलेलं रेमिंग्टन कंपनीचं .244 काडतूस त्याच्या रायफलींच्या याच 12 इंची पिळामुळे मागे पडलं. हरणासाठी 100 ग्रेनची गोळी हवी असणारे विंचेस्टर कंपनीच्या 10 इंची .243 कडे वळले. शेवटी 1963 मध्ये 9 इंची पीळ देऊन तेच काडतूस ‘6 मिमी रेमिंग्टन’ नावानं आणावं लागलं.

नळीवर आकडा नसेल तर सफाईच्या फिरत्या काठीला घट्ट कापड लावून आत ढकला, एका फेऱ्यात किती इंच जाते ते मोजा. पाच मिनिटांचं काम आहे.