विमानात ऑक्सिजन ‘कमी करतात’ का? एक खुलासा

‘प्रवासी गपगार झोपावेत म्हणून विमानात मुद्दाम ऑक्सिजन कमी करतात’ असा मेसेज सध्या इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. तो वाचून रामबागेतली माझी मावशी नातवाला भेटायला पुण्याला जाणंच रद्द करायला निघाली, म्हणून लिहिते आहे.

हे खरं नाही. केबिनच्या हवेतही ऑक्सिजन 21 टक्केच असतो. कमी असतो तो हवेचा दाब. विमान 35,000 फुटांवर असलं तरी आतला दाब नियमानुसार 8,000 फूट उंचीवर असतो त्याहून खाली जाऊ देत नाहीत. म्हणजे सिमल्याहून थोड्या उंच जागी बसल्यासारखं. इंदूर जेमतेम 550 मीटरवर, त्यामुळे फरक जाणवतो: थोडी सुस्ती येते, पोट फुगतं. निरोगी माणसाला एवढं सहज सोसतं. फुप्फुसाचा किंवा हृदयाचा विकार असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचाराच.

खरा त्रास कोरडेपणाचा. बाहेरची हवा उणे 50 अंशांच्या आसपास, तिच्यात बाष्प जवळजवळ नसतंच. तीच आत घेतात, म्हणून केबिनची आर्द्रता बऱ्याचदा 20 टक्क्यांच्याही खाली जाते. घसा आणि डोळे कोरडे पडतात ते त्यामुळे.

‘तीच हवा फिरते’ हेही अर्धंच खरं. मोठ्या जेट विमानांत साधारण निम्मी हवा बाहेरची, उरलेली हेपा फिल्टरमधून, म्हणजे अगदी बारीक कण आणि जंतू अडवणाऱ्या गाळणीतून, गाळलेली असते.

मावशीला एवढंच सांगितलं: पाणी पी, आणि विमान उतरताना गोळी चघळत राहा, कान दडत नाहीत.