फोटोग्राफीचा वर्ग लावताय? वॉक संपल्यावर काय होते, ते आधी विचारा

दिवाळी सरून हवेत गारवा आला की पुण्यात फोटो वॉकच्या, म्हणजे गटाने पायी फिरत फोटो काढण्याच्या, जाहिरातींना ऊत येतो. रविवारी सकाळी शनिवारवाड्यासमोर जमायचे, कॅमेरा नसला तर मोबाइलही चालेल आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मिसळ खायची, असा साधारण मजकूर असतो. त्यात गैर काहीच नाही आणि मिसळीबद्दल तर तक्रार असूच शकत नाही. मात्र ज्याला खरोखर शिकायचे आहे, त्याने वर्ग निवडताना शिक्षकाची बक्षिसे किंवा त्याच्या गळ्यातला कॅमेरा पाहण्यापेक्षा एकच चौकशी करावी, असे माझे ठाम मत आहे: वॉकमध्ये काढलेले फोटो नंतर पडद्यावर लावून, सर्वांसमोर, त्यांच्यावर बोलले जाते का?

अ‍ॅपर्चर (लेन्सचे तोंड किती उघडते), शटर स्पीड (उजेड किती वेळ आत येतो) आणि आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे) यांचे गणित यूट्यूबवर फुकट आणि उत्तम समजावलेले सापडते. पण तुमचा फोटो का फसला, हे यूट्यूबला दिसत नाही.

कसबा पेठेतल्या तांबट आळीचेच उदाहरण घेतो. तिथे अंधाऱ्या खोलीत बसून कारागीर तांब्याच्या भांड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके घालण्याचे काम, करत असतात आणि उजेड येतो तो बहुतेक दारातूनच. नवशिक्याकडे सहसा कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ मिलिमीटरची झूम लेन्स असते. दूरचे जवळ आणण्यासाठी ती ५५ला नेली की अ‍ॅपर्चर एफ/५.६च्या पलीकडे उघडत नाही. आयएसओ ४००वर ठेवलेला असेल, तर अशा उजेडात शटर सहज १/३० सेकंदापर्यंत खाली येते आणि हातोडी तर हलतेच, पण फोटो काढणाऱ्याचा हातही हलल्यामुळे सगळेच धूसर होते. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर हे कळत नाही. वर्गात फोटो मोठा लावला की कळते, शिवाय प्रत्येक फाइलमध्ये शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ यांची नोंद असल्यामुळे ‘उजेडच नव्हता’ ही सबब टिकत नाही. आयएसओ ४००वरून ३२०० केला असता, तर कॅमेऱ्याची संवेदनशीलता तीन वेळा दुप्पट होऊन शटर साधारण १/२५०वर गेले असते. फोटोत थोडे दाणे आले असते, पण कारागिराचा चेहरा स्पष्ट मिळाला असता. इथे चांगला शिक्षक आणखी एक प्रश्न टाकतो, तो म्हणजे हातोडी गोठवायची होती तरी कशाला? कोपर दाराच्या चौकटीला टेकवून त्याच १/३०वर फोटो घेतला आणि कारागिराचे डोके त्या क्षणी स्थिर असले, तर चेहरा नीट येतो आणि फक्त हातोडीचा फटकारा उमटतो. दोन्ही फोटो शेजारी शेजारी पाहिलेला विद्यार्थी शटर स्पीड पुन्हा विसरत नाही.

महात्मा फुले मंडईतही तेच होते. बाहेरून येणारा सकाळचा निळसर उजेड आणि गाळ्यावरचा पिवळा दिवा एकाच चेहऱ्यावर पडले, तर ऑटो व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग आपोआप सावरणारी कॅमेऱ्यातली सोय, कोणाची बाजू घेणार? डोळा हा फरक सावरून घेतो, त्यामुळे प्रत्यक्ष तिथे उभे असताना तो जाणवतही नाही; तो कळतो फोटो पडद्यावर लावल्यावरच.

एकत्र बसून फोटो पाहण्याची ही रीत आपल्याकडे काही नवी नाही. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, फोटोग्राफी करणारे मुंबईचे डॉक्टर नारायण दाजी यांच्यासारखे लोक तिच्यात होते आणि त्याच सुमारास एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्गही सुरू झाला. म्हणजे यंत्र हाती आल्याबरोबर लोकांना मंडळ आणि वर्ग या दोन्हींची गरज वाटली होती.

आता गर्दीविषयी. एका फुलवालीसमोर पंधरा-वीस जण लेन्स रोखून उभे राहतात, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर येतो तो संकोच, आणि मग सगळ्यांकडे त्या संकोचाचाच फोटो जमा होतो. ‘मावशी, एक फोटो काढू का?’ असे विचारून, होकार मिळाल्यावर दोन मिनिटे बोलून मग कॅमेरा उचलणे मोठ्या घोळक्यात जमत नाही. बोहनीच्या वेळी तिचे गिऱ्हाईक अडवले जाते ते निराळेच. म्हणून बॅच लहान हवी आणि एका सकाळी एकच आळी पुरे. शनिवारवाडा, लाल महाल, मंडई आणि तुळशीबाग असे सगळे एका दमात उरकणाऱ्या वॉकमध्ये पायांना व्यायाम होतो, एवढेच.

चौकशीचा फोन कराल तेव्हा बॅच किती जणांची आहे आणि फोटो पाहण्याची बैठक फीमध्येच धरली आहे का, हे स्पष्ट विचारून घ्या. मोबाइलवाल्यांना मागच्या बाकावर बसवणारे वर्गही असतात, तेव्हा तेही विचारा. नवी लेन्स घेण्याची घाई मात्र करू नका. काही वॉक झाल्यावर स्वतःच्या फायली उघडून फोकल लेंग्थचा, म्हणजे लेन्स १८ ते ५५मध्ये कुठे होती त्याचा, आकडा पाहा: बहुतेक चांगले फोटो १८वर निघाले असतील, तर दूरचे टिपणारी महागडी लेन्स तुमच्या कपाटातच पडून राहणार आहे, आणि दुकानदार हे तुम्हाला सांगणार नाही.