‘तुम्हाला हसायला काय जातंय?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

व्हिएन्नाच्या परिषदेच्या प्रवासावर मी लेख लिहिला होता, त्यावरची तुमची प्रतिक्रिया रात्रीच वाचली होती. तेव्हाच उत्तर दिलं असतं तर भांडण झालं असतं, म्हणून सकाळी चहा घेऊन बसलेय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : कनेक्शन चुकलं, बॅग हरवली, तरी मी व्हिएन्नात आनंदात होते, हे लिहिणं म्हणजे पोटभर जेवलेल्याने उपासाचं माहात्म्य सांगणं. माझा खर्च संस्थेने केला, म्हणून मला हसू आलं. तुमची बॅग मात्र परिषदेहून परतताना आठव्या दिवशी मिळाली, तीही फुटलेली. ‘मीपण हसत बसायचं होतं का?’

संस्थेने फक्त विमानाचं तिकीट दिलं होतं. नोंदणी, व्हिसा, राहणं सगळी पदरमोड. पण हे मी लेखात लिहिलंच नव्हतं, तेव्हा तुमचा गैरसमज माझ्यामुळेच झाला.

आता मला जे पटत नाही ते. मुंबईहून विमान तीन तास उशिरा सुटलं आणि आखातातल्या विमानतळावर रात्री अडीचला मी काउंटरच्या रांगेत होते. पुढचे गृहस्थ वीस मिनिटं ओरडत होते. त्यांचं चुकत नव्हतं, पण काउंटरवरच्या पोराने काही विमान उशिरा सोडलं नव्हतं. माझा नंबर आला तेव्हा मी एवढंच विचारलं, ‘थेट व्हिएन्ना नाही तर फ्रँकफर्टमार्गे बघता का?’ युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा शेंगेन व्हिसा हातात होता, कुठूनही उतरले तरी चालणार होतं. त्याने बघितलं, सकाळची एक जागा निघाली. याला तुम्ही सकारात्मकता म्हणा, नाहीतर कोकणात एसटी चुकली की माणूस वडापकडे वळतो तसलं शहाणपण म्हणा.

बॅग मात्र माझ्यामागे आली नाही. आत होतं काय? दगड! नंदुरबार-धुळ्याकडच्या डाइकचे, म्हणजे भेगेत थिजून राहिलेल्या शिलारसाच्या भिंतींचे तुकडे, आणि कापडावर छापलेलं आमच्या संशोधनाचं पोस्टर, घडी घालून. हरवल्याच्या फॉर्मवर सामानाच्या वर्णनात मी ‘बेसॉल्ट’ लिहिलं तेव्हा पलीकडची बाई माझ्याकडे बघतच राहिली.

तो 2025 च्या एप्रिलमधला शेवटचा रविवार होता, युरोपियन जिओसायन्सेस युनियन या भूशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या सभेचा पहिला दिवस. रविवारी व्हिएन्नात दुकानं बंद. प्राटरश्टर्न स्टेशनातलं दुकान उघडं होतं म्हणून निदान दात घासायची सोय झाली. कपडे दुसऱ्या दिवशी. तोवर प्रवासातलाच कुर्ता, कॉफीच्या डागासकट. पोस्टर मी हॉस्टेलच्या प्रिंटरवर ए-4 च्या अठरा कागदांवर छापून सेलोटेपने जोडलं. ते गोधडीसारखं दिसत होतं, आणि लोक आधी ती गोधडी बघायलाच थांबले. नमुने नव्हते, म्हणून डाइकचा आडवा छेद मी पेन्सिलीने काढून दाखवत होते. पोस्टरपाशी उभं राहायच्या त्या तीन तासांत खरंच मजा आली. ती मजा लेखात लिहिली याबद्दल माफी मागणार नाही.

पण दोन ठिकाणी तुम्ही मला बरोबर पकडलंत.

लेखात मी 2010 चा दाखला दिला होता. आइसलँडमधल्या एयाफ्यालायोकुल ज्वालामुखीच्या राखेने एप्रिलमध्ये युरोपचं आकाश बंद पडलं, आणि मेमध्ये व्हिएन्नाच्या याच सभेत भूशास्त्रज्ञ त्या उद्रेकावर उत्साहाने बोलत होते. ज्वालामुखीवाल्यांना ज्वालामुखी म्हणजे सणच! पण तेव्हा सुमारे 1 लाख उड्डाणं रद्द झाली आणि कोटीभर माणसं अडकली, हे मी एका अर्ध्या वाक्यात उरकलं. त्यातल्या एका बाईंचं विमान 17 एप्रिलला पोर्तुगालच्या फारोहून डब्लिनला जाणार होतं, त्या घरी पोचल्या 24 ला. जेवणाखाणाचा आणि राहण्याचा खर्च, सुमारे 1,130 युरो, त्यांनी कंपनीकडे मागितला. प्रकरण युरोपियन न्यायालयापर्यंत गेलं आणि जानेवारी 2013 मध्ये निकाल लागला : संकट कितीही असाधारण असो, अडकलेल्या प्रवाशाच्या जेवणाची आणि राहण्याची जबाबदारी कंपनीचीच. त्या बाई नुसत्या हसून गप्प बसल्या असत्या तर हा निकाल लागलाच नसता. लेखातला तेवढा भाग नव्याने लिहिते.

दुसरं जरा लाजिरवाणं आहे. मला पैसे मिळाले का, हे तुम्ही विचारलंत. नाही मिळाले. युरोपचा भरपाईचा नियम मला लागू नव्हता, कारण निघाले मुंबईहून आणि कंपनी युरोपची नव्हती. पण मॉन्ट्रिअल करार, म्हणजे विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय करार, भारताला 2009 पासून लागू आहे. बॅग उशिरा मिळाली तर हातात आल्यापासून 21 दिवसांत लेखी तक्रार करायची, फुटून आली तर 7 दिवसांत. माझी बॅग सहाव्या दिवशी आली. कपड्यांच्या आणि छपाईच्या पावत्या पाकिटात होत्या. पुण्याला आले, ‘जाऊ दे, आपण आनंदात होतो ना’ म्हणाले, आणि 21 दिवस गेले. हा निव्वळ आळस होता. लेखात त्याला मी गोंडस नाव दिलं.

आणि माझ्या विद्यार्थिनीबद्दल लेखात एक ओळही नाही, हे तुमच्या लक्षात येणं शक्यच नव्हतं. पोस्टरवर पहिलं नाव तिचं होतं. तिच्या व्हिसाचा निर्णय सभा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी आला. व्हिएन्नातून तिला फोन केला तेव्हा ‘पॉझिटिव्ह राहा’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पोस्टरपाशी कोणी काय प्रश्न विचारले ते वाचून दाखवले, तिने लिहून घेतले.

तुमची बॅग कधीची, ते लिहिलं नाहीत. फुटल्याचं 7 दिवसांत आणि उशिराचं 21 दिवसांत लेखी कळवलं होतंत का? कळवलं असेल तर दाव्याची मुदत पोचल्यापासून दोन वर्षं असते. पावत्या सापडतात का बघा, पत्राचा मसुदा करायला मी मदत करते. या वेळी आळस करणार नाही.