मगर, मेव्हणा आणि एकादशी

खाडीच्या सहलीच्या जाहिरातीत नेहमी छापतात, 'निसर्ग आणि लोकजीवन जवळून पाहा!' लोकजीवनही तुम्हाला तितक्याच जवळून पाहणार आहे, हे मात्र कुणी छापत नाही. निसर्ग निदान तुमचा पगार तरी विचारत नाही.

वाशिष्ठीची खाडी बघण्यासारखी आहे, त्यात वाद नाही. चिपळूणजवळच्या गोवळकोटच्या धक्क्यावरून निघालं, की ती वळणं घेत घेत दाभोळला समुद्राला मिळते. दोन्ही काठांना कांदळ, मधूनच माडांत लपलेली एखादी वाडी, आणि चिखलावर निवांत पडलेल्या मगरी. पाणीही साधंसुधं नाही. कोयनेचं पाणी खरं तर कृष्णेतून बंगालच्या उपसागराला जायचं. पण विजेसाठी ते सह्याद्रीच्या पोटातून इकडे पोफळीला उतरवलं आणि वीज करून झाल्यावर वाशिष्ठीत सोडलं. म्हणजे बंगालच्या उपसागराचं रिझर्व्हेशन असलेल्या पाण्याने मध्येच गाडी बदलली आणि ते अरबी समुद्राला निघालं. ही माहिती मी होडीत बसल्या बसल्या सगळ्यांना दिली. आईने विचारलं, "एवढी वीज होते, मग चिपळुणात लाईट का जाते?"

अडचण एकच आहे. मगरी बघायच्या तर ओहोटी हवी, कारण चिखल उघडा पडल्याशिवाय त्या उन्हाला येऊन पडत नाहीत. आणि होडी चालवायची तर खाली पाणी हवं. या दोन्ही सोयी एकाच वेळी द्यायचं खाडीने कबूल केलेलं नाही. यावर तोडगा म्हणून मेव्हण्याने भरती-ओहोटीचं एक अ‍ॅप घेतलं होतं, वर्षाचे पैसे भरून. धक्क्यावर ते उघडून तो होडी चालवणाऱ्या तांडेलमामांना वेळ सांगायला गेला. मामांनी त्याच्याकडे न बघताच विचारलं, "आज तिथ कोनती?"

"एकादशी," आई म्हणाली. "मी उपाशी आहे."

"मंग सव्वाआठला पानी भरल."

हिशोब सोपा आहे. तिथीला पाऊणने गुणलं, की भरतीची वेळ मिळते. अकरा गुणिले पाऊण, सव्वाआठ. अ‍ॅपही सव्वाआठच्याच आसपास घोटाळत होतं. मेव्हण्याने मोबाईल खिशात घातला आणि बराच वेळ तो कांदळाकडे बघत बसला.

मामांनी एक गोष्ट आधीच सांगून ठेवली होती. पुनवेला-अमाशेला उधाण असतं, तेव्हा पाणी धावत येतं आणि धावत जातं. अष्टमीपासून भांग. एकादशीला अजून भांगच, म्हणजे पाणी चढायला आळशी आणि उतरायलाही आळशी. एकदा अडकलात की लवकर सुटका नाही. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. शहरातला माणूस स्थानिक ज्ञानाला नेहमी मान डोलावतो.

अकराच्या सुमाराला पहिली मगर दिसली. मेव्हणा म्हणाला, "मामा, जरा जवळ घ्या." मामांनी घेतली. "अजून जरा." मामा म्हणाले, "गाळ हाय." मेव्हणा म्हणाला, "पुरानंतर नदीतला गाळ उपसला ना? मी बातमी वाचलीय." मामांनी इंजिनावरचा हात काढला. "सायब, 22 जुलै 2021ला लोकांना काढायला माझी होडी चिपळूनच्या बाजारपेठेत गेलेली हाय. गाळाचा मला नका सांगू." एवढं बोलेपर्यंत होडी खस्स करून थांबली.

बांबूने रेटून झालं. इंजिन उलटं फिरवून झालं. मग मामांनी विडी पेटवली आणि म्हणाले, "आता बसायचा. पानी येल तवा जायाचा."

समोर चिखलावर मगर होती. ती जबडा वासून पडली होती. मगर अंगातली उष्णता अशी बाहेर टाकते, तिला राग वगैरे आलेला नसतो, हे मला ठाऊक होतं आणि मी ते सांगितलंही. मेव्हणा पाय वर घेऊन फळीवर मांडी घालून बसला. दोघंही तोंड उघडून एकमेकांकडे बघत होते.

आणि इथून लोकजीवन सुरू झालं.

पहिल्यांदा आल्या मुळे, म्हणजे चिखलातले शिंपले, काढणाऱ्या दोन बाया. मगरीपासून काही अंतरावर, गुडघाभर चिखलात, कमरेला टोपली. मगरीकडे त्यांचं लक्ष नव्हतं, ती रोजचीच. नवीन आम्ही होतो. मोठी बाई होडीच्या काठाला हात टेकून उभी राहिली.

"कुटलं पावनं?"

"पुणे," मी म्हणालो.

"ता ऱ्हायाचा. गाव कुटला?"

कोकणात पुणे-मुंबई हे उत्तर धरत नाहीत. मी गाव सांगितलं. मग तालुका, वाडी, आडनाव, कुळदैवत. ग्रामदेवतेच्या पालखीला येता का? का येत नाही? सरकारी अर्ज भरताना एवढे रकाने मी पाहिलेले नाहीत, आणि तिथे निदान 'लागू नाही' असं लिहिता येतं. पगार झाला. फ्लॅट झाला. फ्लॅटचा आकडा ऐकून बाई मागच्या बाईला म्हणाली, "आनि अंगन नाय!"

मी विषय बदलायला इतिहास काढला. म्हटलं, मावशी, ही केवढी मोठी खाडी! बहामनी काळात दाभोळ मोठं बंदर होतं, अरबस्तानातून घोडे उतरायचे, 1508च्या डिसेंबरात पोर्तुगीजांनी ते जाळलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मुलं किती?"

आईचं मात्र छान जमलं होतं. तिचं माहेर गुहागर तालुक्यातलं, हे कळल्यावर चौकशीचं एकदम गप्पांमध्ये रूपांतर झालं. आईने आगबोटीच्या आठवणी काढल्या. मुंबईहून दाभोळला यायचं, भर पाण्यात आगबोटीतून हलणाऱ्या पडावात उतरायचं, डोक्यावर ट्रंक, पोटात काही शिल्लक नाही. "हे काय अडकणं!" आई आमच्याकडे बघून म्हणाली. धाकट्या बाईच्या आतेसासूचं घर आईच्या माहेरच्या वाडीला लागूनच निघालं. आनंदाच्या भरात तिने टोपलीतून दोन कुर्ल्या काढून आईपुढे धरल्या. आई म्हणाली, "अगं, आज एकादशी."

"मंग उद्या कर. उद्या कुटं हाय एकादशी?"

आईला हे शास्त्रशुद्ध वाटलं. कुर्ल्या खिचडीच्या रिकाम्या डब्यात गेल्या.

त्यानंतर पागाचं जाळं टाकणारा एक म्हातारा, वाळूच्या बाजूने एक पोरगा, मग उथळ पाण्यातूनही चालणारी एक लहान होडी, त्यात तिघं. प्रत्येकाने थांबून पहिल्यापासून विचारलं. तिसऱ्या फेरीला बायकोने माझ्या वतीने उत्तरं द्यायला सुरुवात केली आणि पगार जरा वाढवून सांगितला. ओढायला कुणीही मदत केली नाही असं नाही. लहान होडीतल्या तिघांनी खाली उतरून एकदा जोर लावला. पण त्यातला एक ढकलता ढकलता विचारत होता, "मेव्हण्याचं लगीन झालंय का?"

झालं नव्हतं. ही बातमी देण्याची चूक बायकोने केली.

होडी सहाला हलली. मालदोलीच्या जेटीला लागेपर्यंत सात झाले, आणि तिथे आमच्याआधीच आम्ही पोहोचलेलो होतो. ज्यांना आम्ही जन्मात पाहिलं नव्हतं असे लोक हसून म्हणत होते, "या! अंगन नाय ते तुमीच ना?" चहाचे पैसे कुणी घेईना. एका आजोबांनी आईला तिच्या वडलांच्या नावाने ओळखलं. मेव्हण्याला खुर्ची दिली, आमच्यापैकी फक्त त्यालाच. दोन बायका दारातून त्याला बघून आत गेल्या, मग तिसरीला घेऊन परत आल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्यात कुर्ल्यांचं सार उकळत असताना मामांचा फोन आला. सुखरूप पोचलाव का, आजी बऱ्या हायत का, हे झालं. मग थोडा खोकला.

"सायब, त्या मेव्हन्याला मगरीचा भ्या वाटतो, ता चालल म्हंतात. पन पत्रिका कवा धाडताव?"