पादरी, जेल आणि आमच्या ग्रुपवरचं ते फॉरवर्ड

आमच्या घरचा एक मुलगा इंग्लंडच्या जेलमध्ये आहे. एवढं एक वाक्य चारचौघांत लिहायला मला आठ महिने लागले. काय केलं ते सांगत नाही. केलं हे खरं, आणि शिक्षा भोगतोय हेही खरं. तो माझ्या आत्याचा धाकटा. मे महिन्यात आमची आजी गेली. ती बातमी त्याला कशी कळली, त्यामुळे मी आज हे लिहायला बसले आहे.

'विदेशी जेलमधील मिशनऱ्यांचे षड्यंत्र, प्रत्येक पालकाने वाचावे' हे फॉरवर्ड तुमच्याकडेही येऊन गेलं असेल. त्यात पाच मुद्दे आहेत. जेलमध्ये पाऊल ठेवताच मिशनरी नव्या कैद्याची ख्रिस्ती म्हणून नोंद करतात. बायबलच्या वर्गाला न बसणाऱ्याला अर्धंच जेवण मिळतं. दुसऱ्या कुठल्या धर्माच्या गुरूला आत येऊ देत नाहीत. अमेरिकेत तर अख्खी जेलंच चर्चच्या हवाली आहेत. आणि शेवटी ठळक अक्षरांत: आपलं मूल आत असेल तर त्याला बजावून सांगा, पादऱ्याशी एक शब्द बोलू नको. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग.

आमच्या ग्रुपवर हे टाकलं काकांनी. काका हिस्लॉप कॉलेजचे बी.ए. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरात आला, त्याच्या नावाचं ते कॉलेज. तीन वर्षं तिथं शिकूनही काकांचं काही बिघडलं नाही, पण जेलमध्ये पादरी दिसला की पोरगं हातचं जातं, अशी त्यांची खात्री. आत्याने वाचलं, घाबरली, आणि पुढच्याच फोनवर पोराला म्हणाली, "तो पादरी आला तं बोलूच नको त्याच्याशी. पाठ करून बसत जाय."

पोराने आईचं ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक.

आजी दुपारी एकला गेली. तिथे तेव्हा सकाळचे साडेआठ. मी जेलच्या नंबरवर फोन लावला, घरी मृत्यू झालाय म्हणून सांगितलं, तर त्यांनी फोन थेट चॅप्लेनच्या, म्हणजे जेलने नेमलेल्या पादऱ्याच्या, ऑफिसला जोडून दिला. तिथल्या बाईंनी आजीचं नाव, नातं, हॉस्पिटलचा नंबर सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, खात्री करून आम्हीच त्याला भेटून सांगतो. तसा चॅप्लेन गेलाही. पोराने पादऱ्याची पांढरी गळपट्टी पाहिली आणि भिंतीकडे तोंड करून बसला. चॅप्लेन दोनदा म्हणाला की घरची बातमी आहे. याने मान वळवली नाही. संध्याकाळी विंगवरच्या अधिकाऱ्याने दारातूनच सांगितलं, तुझी आजी वारली. फोनच्या खात्यात पैसे नव्हते. दुसऱ्या दिवशी अकराला आम्ही आजीला वैशालीनगर घाटावर नेलं, तेव्हा तिथे साडेसहा वाजले होते आणि त्याचं दार बंद होतं. त्याचा फोन आला तिसऱ्या दिवशी. "मला वाटलं, यांचं सुरू झालं," एवढंच म्हणाला. त्या दुपारी चॅप्लेनच्या ऑफिसातून त्याला घरी फोन लावून मिळणार होता. आजी तेव्हा घरीच होती, बर्फावर.

म्हणून आधी तो पाचवा मुद्दा घेते. मी कोर्टाबाहेर टायपिंग करून पोट भरते. पंचवीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज टाइप करतेय, तेव्हा कायद्याच्या कागदात एका शब्दाने काय होतं ते मला कळतं. आजीच्या तेराव्याच्या आत मी इंग्लंड-वेल्सचे १९९९ चे जेल नियम शोधून वाचले. चौदावा नियम चॅप्लेनच्या कामाचा. आपल्या पंथाच्या प्रत्येक कैद्याला तो आत आल्यावर लवकर भेटायचं आणि सुटण्याच्या सुमारास पुन्हा भेटायचं. आजारी असलेल्यांना, एकांतात डांबलेल्यांना रोज भेटायचं. आणि जो दुसऱ्या पंथाचा किंवा धर्माचा आहे, आजारी किंवा एकांतात आहे, आणि ज्याला भेटायला त्याचा स्वतःचा धर्मगुरू येत नाही, त्यालाही भेटायचं, पण कैद्याची इच्छा असेल तर. 'इच्छा असेल तर' हे शब्द नियमातच आहेत, माझ्या पदरचे नाहीत. म्हणजे नको म्हणायचा हक्क पोराला होताच. त्यासाठी भिंतीकडे तोंड करायची गरज नव्हती. "धर्माचं नको, बाकी बोला" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे माहीतच नाही, की माहीत असून लिहिलं नाही, देव जाणे. तिथला चॅप्लेन म्हणजे झोळी घेऊन फिरणारा मिशनरी नव्हे, तो जेलचा पगारी माणूस. घरात कोणी गेलं, की बहुतेक वेळा तोच येऊन सांगतो. आत्महत्येचा विचार बोलून दाखवणाऱ्या पोराजवळ तोही येऊन बसतो. परक्या देशात, जिथं भेटायला कोणी येत नाही, तिथं हाच एक माणूस पहारा द्यायला नव्हे, बोलायला दारात उभा राहतो. आणि आपण पोराला सांगतो, त्याच्याशी बोलू नको!

आता पहिला मुद्दा. आत जाताना धर्म विचारतात, हे खरं. जो सांगाल तो लिहितात, धर्म नाही म्हणालात तर तसं लिहितात, आणि पुढे बदलायचा असेल तर अर्ज करून बदलता येतो. तेराव्या नियमात आहे. यात अर्धं सत्य एवढंच, की तिथल्या १९५२ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक जेलमध्ये चॅप्लेन असलाच पाहिजे आणि तो चर्च ऑफ इंग्लंडचाच असला पाहिजे. ते तिथलं अधिकृत चर्च आहे. मला हे पटत नाही. पण चॅप्लेन त्या चर्चचा असणं वेगळं आणि कैद्याला त्या चर्चचा करणं वेगळं.

अर्ध्या जेवणाबद्दल काय बोलायचं. फॉरवर्डमधला फोटो केशरी कपड्यातल्या कैद्यांचा आहे. ते कपडे अमेरिकेतले, इंग्लंडात तसा पोशाखच नाही. पोरगा आठवड्याचं जेवण कागदावर खुणा करून आधीच सांगतो, त्यात शाकाहारी आणि हलाल वेगळं असतं. त्याची तक्रार एवढीच, की तिखट नसतं.

अमेरिकेच्या मुद्द्यावर मात्र मला थोडं नमतं घ्यावं लागतं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा माणूस चार्ल्स कोल्सन वॉटरगेटच्या राजकीय भानगडीत जेलमध्ये गेला आणि बाहेर येऊन १९७६ साली त्याने कैद्यांमध्ये काम करणारी प्रिझन फेलोशिप ही ख्रिस्ती संस्था काढली. तिचा एक कार्यक्रम आयोवा राज्यात न्यूटनच्या जेलमधल्या एका विभागात चालायचा. खर्चाचा वाटा सरकारचा, दिवसभर बायबल, आणि त्या विभागातल्या खोल्यांना लाकडी दारं, किल्ली कैद्याच्याच हातात. बाकीच्यांना हे सुख नाही. आमिषच ते, दुसरं काय म्हणणार? पण पुढचं फॉरवर्डमध्ये नाही. लोक कोर्टात गेले. २००६ साली न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांनी हा कार्यक्रम घटनाबाह्य ठरवला, आणि २००७ मध्ये वरच्या कोर्टाने तो निकाल मुख्य मुद्द्यावर कायम ठेवला. अख्खं जेल चर्चच्या हवाली नव्हतंच. एक विभाग होता, तोही त्यांच्याच कोर्टाने बंद पाडला.

याच्या अगदी उलटं फॉरवर्डही फिरतं बरं का. आमच्या शेजारच्या टेबलावरच्या ख्रिस्ती बाईंनी मला ते पाठवलं, माझं समाधान व्हावं म्हणून. याच संस्थेच्या टेक्सासमधल्या कार्यक्रमातून बाहेर पडलेल्यांपैकी फक्त ८ टक्के पुन्हा जेलमध्ये गेले, बाकीच्या तशाच कैद्यांपैकी २० टक्के. आकडा खरा आहे, २००३ च्या अभ्यासातला. पण तो आहे फक्त कार्यक्रम पुरा करणाऱ्यांचा. नाव घातलं होतं १७७ जणांनी, पुरा केला ७५ जणांनी. सगळ्या १७७ जणांचा हिशेब लावला तर २४.३ टक्के परत गेले, म्हणजे बाकीच्यांपेक्षा थोडे जास्तच. आपल्या रामदासपेठेतल्या क्लासेसच्या फलकावर कसे फक्त पहिले आलेले झळकतात, नापास झालेल्यांचा फोटो कोणी लावतं का? तसंच हे. बाईंना सांगितलं, तर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

उरला तिसरा, दुसऱ्या धर्माच्या गुरूला आत न येऊ देण्याचा. आमचं घर बौद्ध, इंदोऱ्यातल्या विहारात आत्या दर पौर्णिमेला जाते, तेव्हा तिला हाच मुद्दा सगळ्यात जास्त लागला होता. मी तिला विचारलं, अंगुलिमालाची गोष्ट आठवते ना? माणसं मारून बोटांची माळ घालणारा दरोडेखोर, भगवंतांना भेटला आणि भिक्खू झाला. त्याच 'अंगुलिमाल' नावाने इंग्लंडमध्ये १९८५ सालापासून बौद्धांची संस्था आहे आणि तिचं कामच जेलमधल्या कैद्यांना भेटायचं. भंते खेमधम्मोंनी ती सुरू केली. हिंदू, शीख, मुस्लिम चॅप्लेनही तिथे आहेत, फक्त नोंद तशी असायला हवी आणि मागणी करायला हवी. आमच्या पोराच्या कागदावर धर्माची जागा कोरी होती. लाजेने म्हणे. कोणी ओळखीचा निघाला तर?

त्याने अर्ज केला. आणि गंमत म्हणजे तो कागद त्याला आणून दिला, भरायला मदत केली, पुढे पाठवला, तो त्याच गळपट्टीवाल्या चॅप्लेनने.

परवा आत्याला फोन आला. भंते येऊन गेले होते. ती मला सांगत होती तेव्हा तिचा चेहरा आजी गेल्यापासून पहिल्यांदा जरा सैल दिसला. मग एकदम शंका आली तिला.

"पण तो भंते गोरा हाये म्हणते. मंग त्रिशरण इंग्रजीत म्हणून राहिले का?"

नाही आत्या. पालीतच म्हणतात. आणि तुझ्या पोराला बुद्धं शरणंच्या पुढचं आठवेना, ते त्या गोऱ्या भंतेंनी पूर्ण केलं.