दार लागलं म्हणजे आवरलं

नवं घर घेतलंत, अभिनंदन. आता कपाटांचं बघा. घर तसं लहानच आहे, म्हणून कपाटं भरपूर लागतील. कपाटं भरपूर झाली की घर आणखी लहान होईल, मग उरलेलं सामान ठेवायला आणखी एक कपाट लागेल. घाबरू नका, सगळ्यांचं असंच होतं.

आधी शब्दाचा अर्थ समजून घ्या. संस्कृतात कपाट म्हणजे दार. आपलं कवाड त्यातूनच आलं. दर उन्हाळ्यात केदारनाथचे कपाट उघडल्याची बातमी येते, तेव्हा तिथे देवाचे कपडे ठेवत असतील असं मला लहानपणी वाटायचं. म्हणजे बघा, या वस्तूला नाव देताना कोणी कप्पे मोजले नाहीत की खण मोजले नाहीत. दार दिसलं, दाराचं नाव दिलं आणि मोकळे झाले. तुम्हीही कपाट निवडताना एवढंच पाहा. दार लागतंय ना? मग घ्या.

सुरुवात लोखंडी कपाटापासून करावी. गोदरेजनं 1923 साली पोलादी कपाटं बनवायला घेतली आणि पुढे महाराष्ट्रातलं प्रत्येक लोखंडी कपाट ‘गोदरेजचं कपाट’ झालं, मग ते नाक्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्यानं का ठोकलेलं असेना. आमच्याकडचं ‘गोदरेज’ आईच्या लग्नात आलं. त्यावर कोणाचंच नाव नाही, पण आईसमोर हे बोलायचं नाही. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद. पहाटे साडेपाचला रुमाल काढायला हँडल फिरवलं तर खालच्या मजल्यावरचे लोकही उठतात. ज्या घरात उशिरा उठण्याची खोड आहे, त्यांनी हेच कपाट घ्यावं.

याचा आरसा टिकल्या ठेवण्यासाठी असतो. डाव्या कडेला, डोळ्यांच्या उंचीवर, मरून रंगाच्या सात-आठ टिकल्यांची रांग. त्यातल्या दोन चिकटायच्या बंद झाल्यात, पण टाकवत नाहीत. चेहरा बघायचा असेल तर बाथरूममध्ये जा.

आत चोरकप्पा असतो. त्याची चावी चोराला सापडू नये अशा जागी ठेवा, म्हणजे कपाटाच्या वर, पावडरीच्या रिकाम्या डब्यात. चोर तिथे कधीच बघत नाहीत असा आपल्या सगळ्यांचा तीन पिढ्यांचा अनुभव आहे. ज्यांचा वेगळा आहे ते फारसं बोलत नाहीत. चोरकप्प्यात ठेवायच्या वस्तू: बंद झालेल्या खात्याचं पासबुक, आजोबांची कवळी, सोन्याच्या दुकानातल्या पाच रिकाम्या लाल डब्या. खरे पैसे मात्र तिथे नकोत. ते साडीच्या घडीत किंवा कप्प्यात अंथरलेल्या कागदाखाली असावेत. 8 नोव्हेंबर 2016 च्या रात्री आठनंतर घरोघरच्या कपाटांतून जे बाहेर पडलं, ते पाहून कित्येक नवऱ्यांना आपण एका बँकेत राहत होतो हे पहिल्यांदा कळलं. आमच्या मावशीची पाचशेची एक नोट मात्र एका इरकलीत राहिली, ती मार्चमध्ये सापडली, बँकेत भरायची मुदत 30 डिसेंबरला संपल्यावर. तशी काळजी नाही, जुन्या नोटा दहापर्यंत जवळ ठेवल्या तर कायदा काही म्हणत नाही. मावशीच्या आणखी नऊ साड्या झटकायच्या बाकी आहेत.

कागदावरून आठवलं. कप्प्यात अंथरलेलं वर्तमानपत्र दर दिवाळीला बदलावं असं म्हणतात. मी परवा ते काढलं, तर तारीख 3 एप्रिल 2011. वानखेडेवरचा विश्वचषक, धोनी नाबाद 91, आणि गंभीरच्या 97 वर खोबरेल तेलाचा गोल डाग. पलंगावर बसून वाचायला घेतलं. शेवटच्या पानावरचं हवामानसुद्धा वाचलं. सव्वा तासानं तोच कागद, डाग खाली करून, पुन्हा अंथरला. कपाट आवरण्याला इतका वेळ का लागतो, असं घरच्यांनी विचारलं तर सांगा की वरवरचं काम आपल्याला जमत नाही.

आता सुताराच्या कपाटाकडे या. प्लायवूडवर छाप असतो. 303 म्हणजे साधा, 710 म्हणजे मरीन, पाण्याला दाद न देणारा. तुम्ही अर्थातच 710 सांगाल. टेम्पोतून आठ बाय चारच्या शीट उतरतील आणि सगळ्यात वरच्या शीटवर 710 ठळक दिसेल. खालच्या उचलून पाहू नका, माणसावर विश्वास हवा. शिवाय वर सनमायका बसला की सगळं प्लाय सारखंच, आणि वाळवी छाप वाचत नाही.

खोलीचा प्रश्न मात्र येणारच. हँगर साधारण सतरा-अठरा इंच रुंद असतो, म्हणून कपाट आतून बावीस इंच तरी खोल हवं, असं कोणीही जाणकार सांगेल. आमचे मिस्त्री जाणकारांच्या पुढचे होते. “साहेब, अठरात बसवतो, चार इंच बेडला मिळतात,” म्हणाले. मिळाले. गेली सहा वर्षं माझे शर्ट कपाटात लोकलमधल्या चौथ्या सीटवर बसल्यासारखे एक खांदा बाहेर काढून तिरके लटकतात. दार लावताना रोज एकाची तरी बाही चिमटते, त्यामुळे ऑफिसात माझ्या उजव्या बाहीवर नेहमी एक आडवी चुणी असते. लोकांना ती फॅशन वाटते. मिस्त्रींना फोन केला होता. उद्या येतो म्हणाले. तो फोन मी गणपतीत केला होता, कुठल्या वर्षीच्या ते विचारू नका.

हिशेबाची आवड असेल तर हेही करून बघा. सात फूट लांब आणि दोन फूट खोल कपाट चौदा चौरस फूट जागा खातं. तुमच्याकडे दर चौरस फुटाला 20,000 असेल, तर कपाटाखालची नुसती फरशी 2,80,000 रुपयांची झाली. तिच्यावर काय उभं आहे? लग्नातला सूट, ज्याची पँट आता मांडीच्या वर येत नाही. कॉलेजची जर्सी. बिनपट्ट्याची ट्रॅव्हल बॅग. एवढ्या महागड्या जागेवर भाडं न भरता राहणारे दुसरे भाडेकरू मुंबईत फक्त पागडीच्या खोल्यांत सापडतात, आणि तेही अधूनमधून खाली करतात.

स्लायडिंगचं कपाट नवरा-बायकोंसाठी उत्तम. त्यात एका वेळी एकाचीच बाजू उघडते. तिची उघडली की त्याची बंद. हा संसाराचा मूळ नियमच रुळांवर बसवून दिलाय, त्याबद्दल जास्त काय सांगायचं.

बेडच्या पोटातलं कपाट घेताना जरा विचार करा, म्हणजे घ्याच, पण विचार करून घ्या. त्यात पाहुण्यांसाठीच्या गाद्या आणि दुलया ठेवायच्या असतात. पाहुणे रात्री दहाला येतात, त्यातले वयस्कर काका लगेच बेडवर आडवे होतात आणि घोरायला लागतात. मग उरलेल्या तिघांच्या गाद्या काकांच्या खाली. हायड्रॉलिकचा फायदा इथे कळतो. दांडा नीट असेल तर काकांसकट बेड उचलला जातो, आणि काका कोकणातले असतील तर उठतही नाहीत.

साड्यांचा कप्पा हे स्वतंत्र खातं आहे. पैठणी मलमलीत गुंडाळावी, दर दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून दुसरीकडे घालावी, नाहीतर घडीवर जर तुटते. डांबरगोळ्या जरीला लागू देऊ नयेत. हे सगळं तुमच्या सासूबाईंना माहीत आहे आणि तुम्ही ते करत नाही हेही त्यांना माहीत आहे. त्यामुळे गोळ्या मुठीनं टाका आणि लग्नात त्या वासासकट मिरवा. मांडवात निम्म्या बायकांना तोच वास येत असतो, कोणाला कोणाचा कळत नाही. शेजारच्या खणात ओटीचे ब्लाउजपीस. आलेला पीस पुढच्या ओटीत द्यायचा, पण कोपऱ्यात बॉलपेननं बारीक टिंब काढून ठेवावं. आमच्याकडचा एक मोरपंखी पीस अडीच वर्षांनी परत आला, तेव्हा त्यावर तीन टिंबं होती. त्यातलं आमचं एकच.

पावसाळ्यात कपाटांना श्वास घेऊ द्या, भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवा, कडुलिंबाचा पाला घाला, ओल शोषायला खडू ठेवा. एवढं करूनही दसऱ्याला पट्टा काढाल तेव्हा त्यावर पांढरी बुरशी असेलच. ओल्या फडक्यानं पुसा आणि बांधा.

उरला माळा. माळ्याला दार नसतं, पडदा असतो, म्हणून खरं तर तो कपाटात मोडत नाही, पण घराचा इतिहास तिथेच असतो. टीव्हीचा खोका (टीव्ही गेला, खोका आहे), मिक्सरचं तिसरं भांडं, आणि थर्माकोलचं मखर. महाल, चार खांब, दोन मोर. 2018 साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून ते वापरता येत नाही. घंटागाडीत टाकायला गेलं तर गाडीवाला बघतो. म्हणून दर वर्षी गणपतीच्या आधी ते खाली उतरवायचं, पुसायचं, ‘किती छान होतं’ म्हणायचं आणि परत वर. शिडी लागेलच. ती माळ्यावर आहे.

वर्गवारी करायचीच हौस असेल तर खोक्यांवर लेबलं लावा. आमच्या पाच खोक्यांवर अनुक्रमे ‘किरकोळ’, ‘किरकोळ 2’, ‘महत्त्वाचे किरकोळ’, ‘वायरी’ आणि ‘बघून ठेवणे’ असं लिहिलंय. रेशनकार्ड यांपैकी एकात आहे.

आणि मग रविवारी सकाळी अकराला बेल वाजते. “अगं, इकडूनच चाललो होतो, म्हटलं डोकावून जावं.” सोफ्यावर इस्त्रीचे कपडे, खुर्चीवर टॉवेल, टीपॉयवर औषधांच्या पट्ट्या आणि लाइट बिल. अशा वेळी घाई करू नका. सगळं कवेत घ्या, जवळचं कोणतंही कपाट उघडा, ढकला, उजव्या गुडघ्यानं दार दाबा, डाव्या हातानं चावी फिरवा. आत काहीतरी धप्पकन पडेल. पडू द्या. केस सारखे करा आणि बाहेरचं दार उघडा. “या ना, या! अहो कसला पसारा, बसा.”